पहिल्या फेरीचा हिशेब

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेले भाषण)

इतिहासात जर-तरला स्थान नाही, असे आपल्याकडे मोठ्या ठामपणे सांगितले जाते. इतिहासकारांनी ते खुशाल पाळावे. राजकीय कार्यकर्त्याला मात्र जर-तरवाचून एक निवडणूकही पचवता येत नाही. निकाल लागला की त्याच रात्री कार्यालयात बेरजा सुरू होतात. अमक्याने अर्ज मागे घेतला असता तर, तमक्या पक्षाशी समझोता झाला असता तर आपण खात्रीने निवडून आलो असतो! या बेरजांतून पराभवाचे दुःख हलके होते, पण शिकावयास फारसे काही मिळत नाही. म्हणून जर-तरचा विचार करावा की नाही, हा माझ्या दृष्टीने प्रश्नच नाही. तो कोणत्या शिस्तीने करावा, हा प्रश्न आहे.

त्यासाठी मी एक परकीय उदाहरण घेतले आहे. घरच्या उदाहरणात आपले रागलोभ मध्ये येतात. फ्रान्समध्ये २००२ साली झालेली अध्यक्षीय निवडणूक ही अनेक पक्षांची, दोन फेऱ्यांची आणि डाव्या चळवळीला कायमचा चटका देऊन गेलेली निवडणूक आहे. तिच्यावर जितके जर-तर रचले गेले, तितके क्वचितच दुसऱ्या एखाद्या निवडणुकीवर रचले गेले असतील.

प्रथम पद्धत समजून घेऊ. ऑक्टोबर १९६२ मध्ये द गॉल यांनी सार्वमत घेऊन अध्यक्षाची निवड थेट जनतेकडे सोपवली. पहिल्या फेरीत कोणालाही निम्म्याहून अधिक मते न मिळाल्यास चौदा दिवसांनी दुसरी फेरी होते आणि तीत पहिल्या दोघांनाच प्रवेश असतो. तिसऱ्याला कितीही मते असोत, त्याचा खेळ तेथे संपतो. यावरून तेथे एक समजूत रूढ झाली : पहिल्या फेरीत मनाप्रमाणे निवडावे, दुसऱ्या फेरीत नको असलेल्याला पाडावे. ऐकावयास ही समजूत फार लोकशाहीवादी वाटते. तिच्यात एक गृहीतक दडलेले आहे. आपल्या मनाजवळचा कोणीतरी दुसऱ्या फेरीत असणारच, असे ती धरून चालते.

२१ एप्रिल २००२ रोजी हे गृहीतक कोसळले. रिंगणात सोळा उमेदवार होते. विद्यमान अध्यक्ष जाक शिराक यांना १९.८८ टक्के मते पडली. अतिउजव्या राष्ट्रीय आघाडीचे ज्याँ-मारी ल पेन यांना १६.८६ टक्के पडली. पाच वर्षे पंतप्रधान असलेले समाजवादी लिओनेल जोस्पाँ १६.१८ टक्के मतांवर तिसरे आले आणि बाद झाले. ल पेन आणि जोस्पाँ यांच्यातील अंतर होते १,९४,६०० मतांचे. त्याच रात्री जोस्पाँ यांनी राजकीय जीवनातून निवृत्त होत असल्याचे जाहीर केले. ५ मे रोजी डाव्या मतदारांना शिराक यांना मत देण्यावाचून गत्यंतर उरले नाही. शिराक ८२.२१ टक्के मते घेऊन विजयी झाले.

आता पहिला जर-तर पाहू. तो सर्वांत लोकप्रिय आहे. जोस्पाँ यांचे सरकार पाच पक्षांच्या आघाडीचे होते आणि त्या पाचही पक्षांनी आपापला उमेदवार उभा केला होता. जोस्पाँ यांच्याखेरीज ज्याँ-पिएर शव्हेनमाँ यांना ५.३३, हरित पक्षाचे नोएल मामेर यांना ५.२५, कम्युनिस्ट रॉबेर यू यांना ३.३७ आणि डाव्या रॅडिकलांच्या क्रिस्तियान तोबिरा यांना २.३२ टक्के मते मिळाली. पाचांची बेरीज ३२.४५ टक्के होते. शिराक यांच्या मतांहून ती साडेबारा टक्क्यांनी अधिक आहे! सरकारच्या आघाडीबाहेरील तीन ट्रॉट्स्कीवादी उमेदवारांची १०.४४ टक्के मते मी यात धरलेली नाहीत.

तोबिरा यांना ६,६०,४४७ मते पडली होती. त्या उभ्या नसत्या आणि त्यांच्या दर दहा मतदारांपैकी तिघांनी जोस्पाँ यांना मत दिले असते, तर ल पेन बाद झाले असते. शव्हेनमाँ यांच्या बाबतीत तर सातांपैकी एक जण पुरेसा होता. म्हणून त्या रात्रीपासून अनेकांनी दोष या दोघांच्या, विशेषतः तोबिरा यांच्या, माथी मारला.

अंकगणित चूक नाही. परंतु अंकगणित निर्दोष असले म्हणजे न्याय निर्दोष होतो असे नाही. तोबिरा या दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यावरील फ्रेंच गयानाच्या कृष्णवर्णीय स्त्री-प्रतिनिधी. गुलामांचा व्यापार आणि गुलामगिरी हा मानवतेविरुद्धचा गुन्हा होय, असे मान्य करणारा २००१ चा फ्रेंच कायदा त्यांच्याच नावाने ओळखला जातो. सोळा उमेदवारांपैकी जिच्यामागे शतकांच्या अन्यायाचा इतिहास उभा होता, तिलाच पराभवाची आरोपी ठरवावे, यात समाजवाद्यांनी लाज वाटून घ्यावयास हवी. शिवाय शव्हेनमाँ गृहमंत्रिपद सोडून बाहेर पडले होते ते २०००मध्ये, कॉर्सिका बेटाला द्यावयाच्या अधिकारांवरून झालेल्या मतभेदामुळे. मतभेद खरा होता. तो मिटविण्याचा प्रयत्न न करता उमेदवारी तेवढी मागे घ्यावी अशी अपेक्षा करणे म्हणजे ऐक्याची किंमत एकाच बाजूकडून मागणे होय.

दुसरा जर-तर वेळापत्रकाचा आहे. त्याची चर्चा कमी होते, पण कार्यकर्त्यांनी तो नीट समजून घ्यावा. सप्टेंबर २०००च्या सार्वमताने अध्यक्षाची मुदत सात वर्षांवरून पाच वर्षांवर आली. त्यामुळे २००२मध्ये संसदेची आणि अध्यक्षाची निवडणूक एकाच वसंत ऋतूत यावयाची होती. मूळ क्रमाने संसदेची आधी व्हावयाची. जोस्पाँ यांच्या पुढाकाराने २००१मध्ये कायदा करून संसदेची मुदत जूनपर्यंत वाढविण्यात आली आणि अध्यक्षाची निवडणूक आधी आणली गेली. आघाडीतील कम्युनिस्टांना आणि हरितांना हा बदल पसंत नव्हता. अध्यक्षाची निवडणूक हीच मुख्य, बाकीचे तिच्यामागून येईल, असा त्यामागील विचार होता.

हा क्रम बदलला नसता तर काय झाले असते? संसदेच्या निवडणुकीत मतदारसंघवार वाटाघाटी कराव्या लागतात. कोणाला कोठे उभे करावयाचे, दुसऱ्या फेरीत कोणी कोणासाठी माघार घ्यावयाची, हे बसून ठरवावे लागते. छोट्या पक्षांना आपली ताकद तेथे मोजता येते. अध्यक्षाची निवडणूक आधी आली की छोट्या पक्षाला ताकद मोजण्याची जागा तीच उरते. पहिल्या फेरीत आपण किती टक्के मिळवतो यावर जूनमधील जागावाटपाची बोली ठरणार, हे प्रत्येकाला ठाऊक होते. मग कोणता पक्ष उमेदवार उभा करणार नाही? संसदेची निवडणूक आधी झाली असती तर आघाडी जिंकलीच असती, असे मी म्हणत नाही. निदान तिला आपले भांडण ल पेन यांच्या दारात मांडावे लागले नसते, एवढे मात्र म्हणता येते. उमेदवारांच्या गर्दीबद्दल ज्यांनी नंतर हळहळ व्यक्त केली, त्यांनीच त्या गर्दीचे दार उघडून ठेवले होते.

तिसरा जर-तर मतदानाच्या पद्धतीचा. येथे आपल्या देशातील एक गोष्ट उपयोगी पडेल. भारताचा राष्ट्रपती जनता थेट निवडत नाही. खासदार आणि आमदार निवडतात, पण तेही पसंतीक्रमाने. ऑगस्ट १९६९च्या निवडणुकीत व्ही. व्ही. गिरी यांना पहिल्या पसंतीची ४,०१,५१५ मते मिळाली आणि ती पुरेशी ठरली नाहीत. नीलम संजीव रेड्डी दुसरे होते. तिसरे होते आपले चिंतामणराव देशमुख, मुंबईच्या प्रश्नावर १९५६मध्ये अर्थमंत्रिपदाचा राजीनामा देणारे. त्यांना पडलेल्या मतपत्रिका फेकून दिल्या गेल्या नाहीत. त्यांच्यावर नोंदविलेली पुढची पसंती मोजण्यात आली आणि अखेरीस गिरी ४,२०,०७७ विरुद्ध ४,०५,४२७ असे निवडून आले. म्हणजे दुसरी फेरी त्याच मतपत्रिकेत झाली. ज्यांनी तिसऱ्याला मत दिले होते, त्यांचा आवाज शेवटपर्यंत टिकला.

फ्रान्समध्ये २००२ साली अशी पद्धत असती, तर तोबिरा, यू, मामेर, शव्हेनमाँ यांचे मतदार पुढची पसंती जोस्पाँ यांना देऊ शकले असते आणि ल पेन अखेरच्या दोघांत पोहोचण्याची शक्यता फारच कमी झाली असती. पद्धतीचा प्रश्न हा तांत्रिक नसून राजकीय असतो, हे यावरून दिसते. मतदाराला दुसऱ्यांच्या मतांचा अंदाज बांधावयास लावणारी पद्धत आणि मतदाराला आपले मन पूर्णपणे सांगू देणारी पद्धत, यांत समाजवाद्यांनी दुसरीच्या बाजूस उभे राहिले पाहिजे.

तथापि येथेच थांबलो तर आपण स्वतःची फसवणूक करू. उमेदवार कमी असते, वेळापत्रक वेगळे असते, पद्धत वेगळी असती : हे तिन्ही जर-तर एक गोष्ट कायम धरतात. ती म्हणजे, पडलेली मते तेवढीच आणि तीच. प्रश्न फक्त त्यांच्या वाटपाचा. आता चौथा जर-तर पाहू. त्याबद्दल बोलावयास नेत्यांना आवडत नाही.

१९९५च्या अध्यक्षीय निवडणुकीत, पहिल्याच फेरीत, याच जोस्पाँ यांना सुमारे ७१ लाख मते पडली होती आणि ते सर्वांच्या पुढे होते. २००२मध्ये त्यांना सुमारे ४६ लाख पडली. सात वर्षांत जवळजवळ २५ लाख मते कमी झाली. हुकलेले अंतर होते दोन लाखांहूनही कमी. म्हणजे जे गमावले ते हुकलेल्या अंतराच्या बारा पटींहून अधिक! उलट ल पेन यांचे काय झाले? १९९५च्या मानाने त्यांची मते सुमारे २ लाख ३४ हजारांनी वाढली होती, एवढेच. त्यांच्यातून फुटून निघालेल्या ब्रूनो मेग्रे यांची मते वेगळी धरावी लागतील हे खरे, पण त्या रात्री जिला फॅसिझमची लाट म्हटले गेले, तिच्यात लाटेपेक्षा ओहोटीचा भाग मोठा होता. पाणी आपल्या किनाऱ्यावरून मागे हटले होते. मतदान न करणाऱ्यांचे प्रमाण २८.४ टक्क्यांवर गेले होते.

हे मतदार का गेले? या सरकारने काही केलेच नव्हते असे नाही. आठवड्याला ३५ तासांचे काम, गरिबांना वैद्यकीय उपचारांची हमी, निवडणुकीत स्त्रियांना समान उमेदवारीचा कायदा, ही कामे कोणत्याही समाजवादी सरकारला भूषणावह आहेत. परंतु १९९९मध्ये मिशलँ या टायर कंपनीने नफा वाढत असतानाच साडेसात हजार नोकऱ्या कमी करण्याचे जाहीर केले, तेव्हा सर्व काही सरकारकडून अपेक्षिता येणार नाही, अशा अर्थाचे उद्गार पंतप्रधानांनी काढले. ते कामगारांच्या मनात रुतून बसले. फेब्रुवारी २००२मध्ये, प्रचाराच्या आरंभीच, आपण देशापुढे ठेवीत असलेला कार्यक्रम हा समाजवादी कार्यक्रम नव्हे, असे जोस्पाँ यांनी दूरचित्रवाणीवर सांगितले. ते दुसऱ्या फेरीतील मध्यममार्गी मतदाराशी बोलत होते. पहिली फेरी जणू उरकून झाली होती! माजी पंतप्रधान पिएर मोरवा यांना, कामगार हा शब्द काही शिवी नव्हे, अशी आठवण करून द्यावी लागली. मतदानानंतरच्या पाहण्यांत असे दिसले की कामगारांत ल पेन हे जोस्पाँ यांच्या पुढे होते.

म्हणून चौथा जर-तर असा : गेलेल्या पंचवीस लाखांपैकी बारांमागे एक मतदार जरी परत आला असता, तरी तोबिरा उभ्या राहोत वा न राहोत, सोळा उमेदवार असोत वा वीस, जोस्पाँ दुसऱ्या फेरीत असते.

आता कोणी विचारील, ते दुसऱ्या फेरीत पोहोचले असते तर निवडून आले असते काय? येथे शिस्तीची गरज आहे. जर-तर एक पाऊल टाकू शकतो, दहा पावले नाही. शिराक आणि जोस्पाँ यांच्यातील सामना अटीतटीचा होईल असे मतदानापूर्वीच्या चाचण्या सांगत होत्या. त्यापलीकडे विजयाचे भाकीत करणे म्हणजे कादंबरी लिहिणे होय. पण एक गोष्ट खात्रीने सांगता येते. दोन आठवडे फ्रान्समध्ये कामाचे तास, निवृत्तिवेतन, सार्वजनिक सेवा यांवर दोन बाजूंचा वाद झाला असता. प्रत्यक्षात शिराक यांनी ल पेन यांच्याशी समोरासमोर चर्चा करण्यास नकार दिला आणि तो प्रजासत्ताक वाचविण्याचा प्रश्न ठरला. १ मे रोजी दहा लाखांहून अधिक लोक ल पेन यांच्या विरोधात रस्त्यावर उतरले, ही गोष्ट अभिमानाची आहे. परंतु त्या मतांवर कोणतीही अट घालता आली नाही. जूनमध्ये उजव्यांना संसदेत स्पष्ट बहुमत मिळाले. लवकरच ३५ तासांच्या कायद्यात जादा कामाच्या मर्यादा सैल करण्यात आल्या आणि २००३मध्ये, मोठे संप होऊनही, सरकारी नोकरांच्या पूर्ण निवृत्तिवेतनासाठी लागणारी सेवेची वर्षे वाढविणारा कायदा झाला. डाव्यांच्या मतांवर निवडून आलेल्या अध्यक्षाच्या कारकिर्दीत हे घडले. दुसऱ्या फेरीत आपला माणूस नसणे म्हणजे काय, ते हे.

मग निष्कर्ष काय? सर्वत्र एकच उमेदवार द्यावा, असा सोपा धडा काढण्याचा मोह होतो. फ्रान्सचाच इतिहास तो धडा पूर्णपणे मान्य करीत नाही. जून १९६९मध्ये डावे फुटलेले होते. कम्युनिस्ट झाक द्युक्लो यांना २१.२७ टक्के मते पडूनही ते तिसरे आले, समाजवादी गास्ताँ देफेर यांची मजल ५ टक्क्यांपर्यंतच गेली आणि दुसरी फेरी पाँपिदू व पोएर या दोन अ-डाव्यांत झाली. त्यातून शहाणपण घेऊन १९७२मध्ये समाजवादी व कम्युनिस्ट यांनी समान कार्यक्रम केला आणि १९७४मध्ये दोघांच्या वतीने मितराँ उभे राहिले. ते दुसऱ्या फेरीत ४९.१९ टक्क्यांपर्यंत पोहोचून हरले. १९८१मध्ये मात्र समान कार्यक्रम मोडलेला होता, कम्युनिस्टांचे जॉर्ज मार्शे स्वतंत्र उभे राहून १५.३५ टक्के मते घेऊन गेले, आणि तरीही मितराँ ५१.७६ टक्के मतांनी निवडून आले. म्हणजे एकच उमेदवार असतानाही पराभव झाला आणि अनेक असतानाही विजय मिळाला.

फरक कशाने पडला? १९८१मध्ये उजव्यांतही फूट होती, हे एक कारण. दुसरे कारण आपल्या कामाचे आहे. बँका आणि मोठे उद्योग राष्ट्राच्या मालकीचे करणे, कामाचे तास कमी करणे, निवृत्तीचे वय खाली आणणे, असा कार्यक्रम मतदारांसमोर होता. मार्शे यांना मत देणाऱ्या कामगाराला दुसऱ्या फेरीत मितराँ यांच्याकडे जाताना, आपण कोठे आणि कशासाठी जात आहोत, हे ठाऊक होते. उमेदवार वेगळे असले तरी रस्ता एका दिशेने जात होता. २००२मध्ये पाच पक्ष पाच वर्षे एका सरकारच्या आघाडीत राहूनही मतदाराला तो रस्ता दिसेनासा झाला होता.

हा प्रश्न जुना झालेला नाही. एप्रिल २०२२मध्ये डावे ज्याँ-लुक मेलांशाँ हे मारीन ल पेन यांच्यापेक्षा सुमारे ४ लाख २१ हजार मतांनी मागे राहून बाद झाले, तेव्हा स्वतंत्र लढलेल्या कम्युनिस्ट उमेदवाराला सुमारे ८ लाख मते पडली होती. पुन्हा त्याच बेरजा, पुन्हा तेच दोषारोप. उलट जून २०२४मध्ये अचानक संसद विसर्जित झाली, तेव्हा तेच डावे पक्ष काही दिवसांत एकत्र आले, त्यांनी समान कार्यक्रम लिहिला, आणि दुसऱ्या फेरीपूर्वी तिसऱ्या क्रमांकावर असलेल्या आपल्या उमेदवारांना माघार घ्यावयास लावली. मध्यममार्गी पक्षांच्या अनेक उमेदवारांनीही तसेच केले. ७ जुलैच्या निकालात अतिउजवा पक्ष जागांच्या दृष्टीने तिसरा राहिला. जे दीर्घकाळ जमले नव्हते ते भीतीपोटी काही दिवसांत जमले. भीतीने जमलेले ऐक्य भीती ओसरताच विरघळू लागते, हेही त्यानंतर दिसले. पण ते जमू शकते, एवढे सिद्ध झाले.

मित्रहो, आपल्या देशात दुसरी फेरी नाही. लोकसभेला आणि विधानसभेला आपण एकदाच मत देतो आणि ज्याला सर्वाधिक, तो निवडून येतो. म्हणजे फ्रेंच मतदाराला निदान दोन रविवार मिळतात. आपल्याला एकच दिवस मिळतो. त्यामुळे ऐक्याच्या वाटाघाटी मतदानानंतर करण्याची सोय आपल्याला मुळीच नाही. त्या आधी झाल्या पाहिजेत आणि त्या जागांवर सुरू न होता कार्यक्रमावर सुरू झाल्या पाहिजेत. जागांवर सुरू झालेली बोलणी जागांवरच मोडतात.

यापुढे निकालाच्या रात्री बेरजा मांडावयाच्या असतील तर जरूर मांडा. परंतु दोन रकाने करा. एका रकान्यात मित्रपक्षांनी खाल्लेली मते लिहा. दुसऱ्या रकान्यात गेल्या वेळी आपल्याला मत देणारे आणि या वेळी घरी बसलेले किंवा दुसरीकडे गेलेले किती, ते लिहा. पहिला रकाना भरावयास वर्तमानपत्र पुरते. दुसरा भरावयाचा तर वस्तीत जावे लागते, गिरणीच्या बंद दरवाजासमोर उभे राहावे लागते आणि लोकांचे ऐकून घ्यावे लागते. फ्रान्समध्ये हुकलेले अंतर दोन लाखांहून कमी होते आणि दुसऱ्या रकान्यात जवळजवळ पंचवीस लाख. आपल्या तालुक्यात कोणत्या रकान्यात किती, याचे उत्तर पुढच्या बैठकीला प्रत्येकाने घेऊन यावे, अशी विनंती करून मी आपली रजा घेतो.